डोकेदुखीच्या नावाखाली

कॉलेजात नर्स असते हेच पुष्कळांना माहीत नसतं. माझ्या सख्ख्या नणंदेलाही नव्हतं. "आमची वहिनी उल्हासनगरच्या कॉलेजात शिकवते," असं ती लग्नाकार्यात बिनदिक्कत सांगायची आणि मी साडीचा पदर नीट करत राहायचे. अकरा वर्षं मी तिथे होते, पण शिकवलं कुणाला काही नाही. तळमजल्यावर जिन्याशेजारी एक खोली होती. तिच्यात दोन लोखंडी खाटा, मध्ये हिरवा पडदा, एक टेबल, बीपीचं मशीन, औषधांचं छोटं कपाट आणि एक जाडजूड रजिस्टर. दारावर पाटी 'प्रथमोपचार कक्ष'. मुलं म्हणायची सिक रूम. आणि मला सगळे सिस्टर म्हणायचे, प्राचार्यांपासून कॅन्टीनवाल्यापर्यंत.

त्याआधी वीस वर्षं मी उल्हासनगरच्याच कॅम्प चारमधल्या एका नर्सिंग होममध्ये काढली होती. बाळंतपणं, टाके, सलाइन आणि महिन्यातले पंधरा दिवस रात्रपाळी. त्यामुळे कॉलेजची नोकरी मिळाली तेव्हा अंबरनाथच्या आमच्या घरी पेढे वाटले. म्हटलं, आता काय, क्रिकेट खेळताना सोललेले गुडघे, नवरात्रात उपास करून चक्कर येणाऱ्या मुली आणि परीक्षेच्या सकाळी होणाऱ्या उलट्या. एवढ्यावर निभावेल.

हे सगळं होतंच. पण पहिल्या महिन्यातच लक्षात आलं की माझ्या खोलीचा खरा धंदा वेगळाच आहे. मुलं माझ्याकडे झोपायला यायची.

तसं तोंडाने कुणी म्हणायचं नाही. "सिस्टर, झोप आलीय," असं सांगणारा प्रामाणिक विद्यार्थी मला अकरा वर्षांत एकही भेटला नाही. सगळ्यांचं डोकं दुखायचं. पहिलं लेक्चर सात वीसला. बदलापूर, वांगणीकडची मुलं सहाच्या आत घर सोडायची. पावणेनऊच्या सुमारास माझ्या दाराशी डोकेदुखीची पहिली तुकडी हजर.

खरा आजारी आणि झोपाळू यांतला फरक मला हळूहळू कळायला लागला. खरा आजारी बुटांसकट खाटेवर आडवा होतो. झोपाळू मुलगा बूट काढतो, मोजे काढतो, मोजे बुटात नीट खोचतो, बॅग उशाला घेतो. खरा आजारी विचारतो, "सिस्टर, मला काय झालंय?" झोपाळू विचारतो, "सिस्टर, पंखा थोडा फास्ट होईल का?" आणि थर्मामीटर तर सगळ्यात खरं बोलतो. खऱ्या आजाऱ्याची नजर माझ्या चेहऱ्यावर खिळलेली असते, किती निघतोय ताप. झोपाळूच्या तोंडात थर्मामीटर ठेवला की तो वाजायच्या आत त्याचं तोंडच उघडं पडतं.

वीस मिनिटं, हा माझा नियम. मग उठवायचं. उठवायचीही एक पद्धत असते. हलवायचं नाही, हाका मारायच्या नाहीत. पायाचा अंगठा धरून हलकेच दाबायचा. माणूस दचकत नाही. वीस वर्षं वॉर्डात हेच केलं होतं. फक्त वॉर्डातले पेशंट उठल्यावर "बाई, बरं वाटतंय" म्हणायचे, ही मुलं म्हणायची, "सिस्टर, अजून पाच मिनिटं."

त्यातला सगळ्यात नामांकित झोपाळू म्हणजे हितेश. कॅम्प चारचा सिंधी मुलगा, वडिलांचा जीन्स शिवायचा छोटा कारखाना, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. अंगाने इतका बारीक की उभा राहिला तर पडद्याची दांडी वाटावा. मराठी बोलायचा, पण त्याची हिंदी मधूनच वर यायची. पहिल्या दिवशी दारात उभा राहून म्हणाला, "सिस्टर, माझं सर दुखतंय."

"कुठले सर? अकाउंट्सचे?"

त्याला विनोद कळायला वेळ लागला. कळला तेव्हा तो खाटेवर आडवा झालेला होता आणि हसता हसताच झोपला.

एका शनिवारी मी दीड वाजता खोली बंद केली. पुढची खाट रिकामी होती. पडद्यामागच्या खाटेवर चादर नुसतीच चुरगळून पडलीय असं वाटलं. सोमवारी नीट करू म्हटलं, कुलूप घातलं आणि अंबरनाथला घरी आले. जेवले, भांडी आवरली. पाचच्या सुमाराला आमच्या शिपायाचा, गायकर मामांचा फोन. गायकर मामा बदलापूरजवळच्या खरवई गावातले जुने, रिटायर व्हायला आलेले.

"सिस्टर, तुमचे खोलीन कोन हाय? दरवाजा आतून वाजतंय. मी नाय उघरत, सांगून ठेवतंय!"

त्यांच्या आवाजावरून कोण असेल अशी त्यांना शंका होती ते मला कळलं. मी चावी घेऊन रिक्षाने धावले. मुलाला काही झालं असेल तर? कुलूप काढलं तर हितेश दारात उभा. गालावर चादरीच्या सुरकुत्या उमटलेल्या. मला वाटलं आता हा रडेल नाहीतर भांडेल.

"सिस्टर," तो अगदी भारावून म्हणाला, "मी आठ तास झोपलो?"

सव्वानऊला आला होता आणि त्या दिवशीच्या गर्दीत त्याला उठवायचं माझ्याकडून राहूनच गेलं होतं. म्हणजे पावणेआठ. मी हिशेब सांगत बसले नाही.

सोमवारी त्याची आई आली. मला वाटलं, भांडायलाच आली. पण त्या माउलीने डबा काढून टेबलावर ठेवला, त्यात गरम कोकी, म्हणजे त्यांची जाडसर सिंधी रोटी, आणि पापड. आणि खुर्चीवर बसून मला विचारलं, "सिस्टर, सच बताओ. घर में कूलर लगाया, नया गद्दा लिया, फिर भी दो-दो बजे तक जागता है. आपकी ये लोहे की खाट पे पूरा दिन सोया. कौन सी गोली दी आपने?"

"गोली नहीं दी," मी म्हटलं. "ताला दिया."

ती खूप हसली. मग मी तिला खरं काय ते सांगितलं. त्या दिवशी पोराच्या मोबाइलची बॅटरी येताना वाटेतच संपली होती आणि माझ्या खोलीतला एकुलता एक प्लग बिघडलेला होता. दुसरं काहीच कारण नाही. तिने त्याच दिवसापासून मोबाइल रात्री कपाटात कुलपात ठेवायला सुरुवात केली. आठवड्याने हितेश माझ्याकडे आला, डोळे तसेच सुजलेले. "सिस्टर, उपयोग नाय. मोबाइल कपाटात असतो आणि मी कपाटाच्या समोर बसून असतो."

ही गोष्ट कॉलेजभर झाली आणि प्राचार्यांच्या कानावर गेली. सर त्या वर्षीच नवीन आले होते. शिस्तीचे. मला बोलावून म्हणाले, "सिस्टर, आपण कॉलेज चालवतो, लॉज नाही." दुसऱ्या दिवशी खोलीत नोटीस लागली: 'हा कक्ष केवळ आजारी विद्यार्थ्यांसाठी आहे. झोपण्यास सक्त मनाई.' गायकर मामांनी ती नेमकी खाटेसमोरच्या भिंतीवर चिकटवली. त्यामुळे मुलं झोपण्यापूर्वी ती वाचायची.

पण मी बदलले, हे कबूल करायला हवं. नोकरीची शेवटची चार वर्षं उरली होती, कशाला वाद? वीस मिनिटांची दहा केली. डोकं दुखतंय म्हणणाऱ्याला एक पॅरासिटामॉल, ग्लासभर पाणी, दहा मिनिटं बसायचं आणि जायचं. रजिस्टरमध्ये नोंद: डोकेदुखी, गोळी दिली, वर्गात परत. अशा नोंदींनी पानंच्या पानं भरली. अक्षर माझं छान आहे, त्यामुळे वाचायलाही बरं वाटायचं.

ऋतुजा माझ्याकडे यायला लागली ती याच दिवसांत.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय केमिस्ट्री. खरवईला नव्या बिल्डिंगा झाल्यात त्यांतल्या एकीत राहायची. एक वेणी, खांद्यावर जड बॅग आणि बोलणं अतिशय नम्र. दर मंगळवारी आणि गुरुवारी, प्रॅक्टिकलच्या आधी यायची. मी तिला चिडवायचे, "या महाराणी, पलंग तयार आहे!" ती हसायची, गोळी घ्यायची, दहा मिनिटं भिंतीला टेकून डोळे मिटायची आणि मी सांगायच्या आधी उठून जायची. आडवी कधी झाली नाही. मी मनात म्हणायचे, ही पण मोबाइलवाली. असेल कुणीतरी, मेसेज करत बसत असेल.

एका गुरुवारी अकराच्या सुमाराला लॅब असिस्टंट तिला धरूनच घेऊन आला. हातावर ओला रुमाल. बर्नरवर परीक्षानळी तापवताना उभ्या उभ्या डुलकी लागली होती. नळी कलंडली आणि उकळतं द्रावण डाव्या मनगटावर सांडलं. सुदैवाने नुसतं मिठाचं द्रावण होतं. नळाखाली धरून आणलं होतं म्हणून थोडक्यात निभावलं. चेहऱ्यावर उडालं असतं तर, हा विचार मी त्या वेळी केला नाही. पट्टी बांधताना हात स्थिर लागतो.

मागोमाग केमिस्ट्रीच्या मॅडम आल्या. घाबरल्या होत्या, म्हणून रागावल्या होत्या. "सिस्टर, ही मुलगी माझ्या प्रॅक्टिकलला पेंगते. हे तिसऱ्यांदा झालं. उद्या काही झालं तर जबाबदार कोण? पालक येऊन लिहून देत नाहीत तोवर मी हिला लॅबमध्ये घेणार नाही."

प्रॅक्टिकलची परीक्षा तीन आठवड्यांवर होती. जर्नल पूर्ण नसेल तर परीक्षेला बसता येत नाही, म्हणजे वर्ष गेलंच. मॅडम गेल्या. ऋतुजा रडली नाही. पट्टीकडे बघत बसली.

"काल किती वाजता झोपलीस?" मी विचारलं. आवाजात अजून थोडी चेष्टा होती.

"बारा वाजता. बाबा सेकंड शिफ्टवरून येतात, त्यांचं जेवण झाल्यावर गाद्या घालता येतात."

"आणि उठलीस?"

"तीन दहाला."

"तीन दहाला? विमान होतं का तुझं?"

"नाही सिस्टर. पंप लावायचा असतो."

"कसला पंप?"

"बिल्डिंगचा. पाणी सव्वातीनला येतं. खालची टाकी छोटी आहे, ती भरली की लगेच वर चढवायला लागतं, नाहीतर बाकीचं पाणी वाया जातं. आणि पाणी गेलं की लगेच बंद करायचा, नाहीतर मोटर जळते. पावणेपाचपर्यंत तिथेच बसावं लागतं."

"रोज?"

"रोज."

"किती फ्लॅट आहेत?"

"सोळा."

"मग बाकीचे पंधरा काय करतात?"

तिला प्रश्न जरा विचित्र वाटला असावा. "ते झोपतात ना," ती म्हणाली.

बारावीला असताना ती पहाटे साडेचारला उठून अभ्यास करायची. जिन्यातला दिवा लागलेला चेअरमन काकांनी पाहिला. उठतेच आहेस तर जरा पंपाचं बघशील का, म्हणाले. आधी एक दिवस, मग आठवडा. पाण्याची वेळ मागे मागे सरकत तीनवर आली, तशी तीही मागे सरकली. सगळ्यांच्या पाळ्या केव्हा बंद पडल्या ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. दोन वर्षं झाली होती.

"अगं, मग इतक्या वेळा इथे आलीस, मला सांगायचं तरी!"

"तुम्ही गोळी दिलीत ना, सिस्टर," ती म्हणाली. तक्रार म्हणून नाही. मी काहीतरी केलं होतं हे तिला मान्य होतं, एवढंच.

ती गेल्यावर मी रजिस्टर काढलं आणि तिचं नाव शोधत पानं मागे उलटत गेले. चौदा वेळा सापडलं. चौदा वेळा डोकेदुखी, गोळी दिली, वर्गात परत. ज्या बाईने वीस वर्षं रात्रपाळ्या केल्या, जिला तिसऱ्या रात्री बोटांना सुई जाणवेनाशी होते हे स्वतःच्या बोटांनी माहीत आहे, तिने एका मुलीला चौदा वेळा महाराणी म्हणून परत पाठवलं. ते अक्षर त्या दिवशी मला छान वाटलं नाही.

वडील शिफ्टमुळे कॉलेजात येऊ शकत नव्हते. म्हटलं, मीच जाते. रविवारी सकाळी बीपीचं मशीन पिशवीत घातलं आणि खरवई गाठली. गायकर मामा नाक्यावर घ्यायला आले होते. "ती पिवली बिल्डिंग ना? ठावं हाय मना. तिथं पूर्वी आमचं वालाचं शेत होतं," म्हणाले आणि मला थेट दाराशी नेलं.

वन रूम किचन, आई-वडील, ऋतुजा आणि धाकटा भाऊ. वडील अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत. मी पंपाचं बोलले तसे ते बायकोकडे बघायला लागले. "ती अभ्यासाला उठते ना?" त्यांनी विचारलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. दमून झोपलेल्या माणसाला पहाटे तीनला घरातलं कोण कुठे गेलं ते कळत नाही. आई मात्र खाली बघत चहा गाळत होती.

"आम्ही भाड्याने राहतो, सिस्टर," ती म्हणाली. "बाकी सगळे मालक. चेअरमन बोलले की नाही कसं म्हणायचं? भाडेकरू कटकट करतात म्हणून आधीच बोलतात. आणि पोरगी पण कधी हूं की चूं करत नाही."

भांडायला गेले असते तर त्यांना तिथे राहणं अवघड झालं असतं, हे माझ्या लक्षात आलं. मग मी मला येतं ते केलं. खाली पार्किंगमध्ये एक प्लॅस्टिकचं टेबल आणि दोन खुर्च्या मांडल्या आणि गायकर मामांना जिन्यात हाळी द्यायला सांगितली की कॉलेजच्या सिस्टर आल्यात, बीपी फुकट तपासतायत.

फुकट बीपीला आपल्याकडे कुणी नाही म्हणत नाही. दहा मिनिटांत पार्किंग भरलं. पहिले आले चेअरमन काका, बर्म्युडा आणि गंजी घालून, हातात झाडांना पाणी घालायचा पाइप. माणूस स्वभावाने चांगला होता. मी पट्टा बांधला, बीपी लिहिलं आणि विचारलं, "झोप कशी?"

"एकदम फर्स्ट क्लास. साडेदहाला पडतो, सातला उठतो. मध्ये आवाजसुद्धा नाही."

मी मोठ्याने म्हणत लिहिलं, "फ्लॅट एक, साडेआठ तास." पुढच्या आल्या जोशीकाकू. आठ तास, शिवाय दुपारी दीड. मग एक बँकवाले, सात, पण रविवारी दहा. अशी यादी होत गेली. प्रत्येकाला आपल्या झोपेचं कौतुक होतं. कुणाला घोरणं होतं, कुणाला गुडघेदुखी, पण झोप मात्र उत्तम. शेवटी मी ऋतुजाला खाली बोलावलं. ती जिन्यातच घुटमळली. "सिस्टर, नको ना," इतकंच पुटपुटली.

बीपी घेतलं. नव्वद-साठ. अंग हलकं असलं तरी एवढं कमी बरं नव्हे. "झोप?" मी विचारलं.

"होते," ती म्हणाली.

"किती?"

तिने वर पाहिलं, आईकडे. आई पहिल्या पायरीवर उभी होती, हाताला कणीक तशीच. मला वाटलं तीही काही बोलणार नाही. पण ती बोलली. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"तीन तास. दोन वर्षं झाली."

मी लिहिलं, फ्लॅट नऊ, तीन तास. यादी टेबलावर ठेवली आणि मशीन गुंडाळायला लागले. ऋतुजाच्या मनगटावरची पट्टी कशाची ते कुणीतरी विचारलं, तेही मी सांगितलं.

चेअरमन काका म्हणाले, "अहो, पण ती अभ्यासाला उठतेच होती. आम्हाला वाटलं..."

"काका, अभ्यास आता होतच नाही," ऋतुजा म्हणाली. "पुस्तक उघडलं की अक्षरं पळतात."

जोशीकाकूंनी तोंडावर हात ठेवला. "अगं बाई, आणि परवा टाकी अर्धीच भरली म्हणून मी हिला दारात गाठून बोलले!"

पाळ्यांचा कागद तिथेच, माझ्याच पेनाने लिहिला गेला. सोळा फ्लॅट, रोज एक. पहिला नंबर चेअरमन काकांचा. सोमवारी त्यांना जाग आली नाही आणि बिल्डिंगला दिवसभर पाणी नव्हतं. मंगळवारी भरपाई म्हणून ते पुन्हा उठले, पंप लावला आणि खुर्चीवर बसल्या बसल्या झोपले. पाणी गच्चीवरून थेट पार्किंगमध्ये, त्यांच्याच स्कूटरवर. बुधवारी सकाळी मला त्यांचा फोन आला. आवाज गेलेला.

"सिस्टर, एक विचारू? ही पोरगी रोज कशी काय उठायची हो?"

मी म्हटलं, "ते तुम्ही तिलाच विचारा, काका. पण आता नको, ती झोपली असेल."

वडिलांचं पत्र मी मॅडमना दिलं. मॅडमनी ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि ऋतुजाच्या राहिलेल्या तीन प्रॅक्टिकलसाठी शनिवारी दुपारी स्वतः थांबल्या. जर्नल पूर्ण झालं. प्रॅक्टिकलची परीक्षा झाली. सगळं लगेच गोड झालं असं मात्र नाही. दोन वर्षांची सवय लागलेली, तिला तरी तीन दहाला जाग यायचीच. घरात बाकीचे झोपलेले आणि ही छताकडे बघत पडलेली. मी तिला सांगितलं, घड्याळ बघायचं नाही, दिवा लावायचा नाही, नुसतं पडून राहा, शरीराला कळायला वेळ लागतो. सांगत होते, पण मला स्वतःला रात्रपाळ्या सुटून इतकी वर्षं झाली तरी दोनला जाग येते, हे तिला सांगितलं नाही.

साधारण महिन्याने एका सोमवारी सकाळी सव्वासहाला ऋतुजाच्या आईचा फोन आला. ती कुजबुजत होती.

"सिस्टर, आठला हिची टेस्ट आहे. अलार्म वाजून वाजून बंद पडला. काल यांची सुट्टी होती, नऊलाच झोपलीय. मी तीनदा उठवायला गेले, हात पुढे केला आणि परत आले. अशी झोपलीय, अशी झोपलीय... लहानपणी झोपायची तशी. काय करू?"

मी गॅससमोर उभी होते. कॉलेजची नर्स म्हणून उत्तर एकच होतं, अंगठा दाबा आणि उठवा. वर्गातली टेस्ट, पण मार्क धरतात.

"राहू द्या," मी म्हटलं. "मी बघते."

दहाच्या सुमाराला ऋतुजा माझ्या खोलीत घुसली. इतक्या दिवसांत मी तिचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. "सिस्टर, आईने मला उठवलंच नाही! आणि म्हणते तुम्ही सांगितलंत! माझी टेस्ट गेली!" वेणी तशीच कालची, ड्रेसची बटणं वरखाली लागलेली. आणि चेहरा! ही मुलगी गोरी आहे हे मला त्या दिवशी कळलं. डोळ्यांखालचं काळं गेलं होतं आणि रागाने गाल लाल झाले होते. मी तिला भांडू दिलं. चांगली पाच मिनिटं भांडली. भांडायला अंगात ताकद लागते.

मग मी तिला घेऊन प्राचार्यांकडे गेले. चूक माझी होती, सांगायलाही मलाच हवं होतं. सर फाइलमध्ये डोकं घालून बसलेले. वर न बघता म्हणाले, "टेस्टला गैरहजर. कारण?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात ऋतुजाच म्हणाली, "सर, झोपून राहिले."

सरांनी वर पाहिलं. मी मनातल्या मनात राजीनाम्याचं पत्र लिहायला घेतलं.

"किती वाजेपर्यंत?"

"साडेआठ झाले, सर. मग निघून इथे येईपर्यंत टेस्ट संपली. आमच्याकडून रिक्षाच मिळेना."

"झोपली किती वाजता होतीस?"

"नऊला."

सर बोटांवर मोजत राहिले. "साडेअकरा तास," ते म्हणाले. मग, "सलग?"

"हो सर. मध्ये एकदाही जाग नाही आली."

सरांनी चष्मा काढला. "गुरुवारी आठ वाजता तुझी टेस्ट घेतील. मी मॅडमशी बोलतो. जा." ऋतुजा थँक्यू सर म्हणून पळाली. मीही उठले.

"सिस्टर, तुम्ही बसा जरा," सर म्हणाले. "दार लोटून घ्या."

मी दार लोटलं आणि बसले. म्हटलं, आता काय ते होऊन जाऊ दे. सर बराच वेळ चष्मा पुसत होते. चष्म्याशिवाय त्यांचे डोळे मी पहिल्यांदा पाहिले. अशा डोळ्यांची मला इतक्या वर्षांची सवय होती.

"इथे आल्यापासून," ते अगदी हळू म्हणाले, "मला एकसुद्धा रात्र धड झोप नाही."

मी खुर्ची टेबलाजवळ ओढली. या वेळी गोळीचं नाव काढलं नाही.

"सर, रात्री आडवे किती वाजता होता?"

ते सांगायला लागले. एका तासाची घंटा झाली, मग पुढच्या तासाची झाली. बाहेर कुणीतरी दोनदा दार वाजवून गेलं. सर सांगत होते आणि मी ऐकत होते.